हिंगण्याच्या शेडमधला उजेड

हिंगणा रस्त्यावरून वानाडोंगरी, नीलडोह, डिगडोहच्या वस्त्यांत संध्याकाळी चक्कर मारली, तर बऱ्याच घरांच्या गॅरेजमध्ये गाडी नसते. गाडी बाहेर कडुनिंबाखाली उभी असते. आत भिंतीला लागून बेंच, बेंचवर वाइस, कोपऱ्यात ग्राइंडर, आणि ज्याला जमलं त्याच्याकडे जुन्या बाजारातून आणलेलं साडेचार फुटी लेथ मशीन. एमआयडीसीत आयुष्य गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हात रिकामे ठेवता येत नाहीत. कुणी पंपाच्या बुशी काढून देतो, कुणी ट्रॅक्टरच्या पिना, कुणी नातवाची सायकल दुरुस्त करता करता गल्लीभरच्या सायकली अंगावर घेतो.

मी टूलरूमचा फिटर. श्रद्धानंद पेठेतल्या सरकारी आयटीआयमधून ट्रेड केला, एमआयडीसीत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. त्यामुळे नवीन गॅरेज बांधणारे शेजारी मला हमखास विचारतात, "भाऊ, गॅरेजमधी किती ट्यूबा लावू जी?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर आहे आणि ते मी खाली देणार आहे. पण प्रश्न जितका साधा वाटतो तितका तो नाही. घरी बसून काम करणारा कारागीर आपला उजेड आपण निवडत असे. कारखाना आला आणि ती निवड त्याच्या हातून गेली. उजेड किती, कुठे आणि किती वाजेपर्यंत, हे मालक, सरकार आणि इंजिनिअर ठरवू लागले. आज गॅरेजमध्ये बेंच टाकणाऱ्याच्या हाती ती निवड परत आली आहे. ती वापरायची तर मधल्या काळात काय काय झालं, हे ठाऊक असायला हवं.

नागपूरचे कोष्टी घ्या. पाचपावली, गोळीबार चौक, तांडापेठ इथल्या घरांत खड्ड्याचे माग असत. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि माग दाराच्या किंवा खिडकीच्या अंगाला असायचा, कारण बारीक सुताचा तुटलेला धागा दिसला नाही तर काठ बिघडतो. कुठल्या वेळी ऊन कुठून येतं, हे त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असायचं.

लोहाराचं गणित उलटं. आमच्या विदर्भात त्याला खाती म्हणतात. त्याची भट्टी सावलीत, कधीकधी अंधाऱ्या कोपऱ्यात असते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की बिचाऱ्याला जागा मिळाली नाही. खरं कारण वेगळं आहे. पोलाद तापून किती झालं हे तो रंगावरून ओळखतो. सातशे-आठशे अंशांची लाली भर उन्हात दिसतच नाही, आणि उन्हात तापवलेलं पातं हमखास जास्त तापतं. पुढे पाणी द्यायच्या वेळी मात्र त्याला चांगला पांढरा उजेड लागतो. तेव्हा घासलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. गवती रंग सव्वादोनशे अंशांच्या आसपासचा, कटिंग टूलसाठी. निळा तीनशेच्या आसपासचा, स्प्रिंगसाठी. एकाच माणसाला एकाच कामात अर्ध्या तासाच्या अंतरानं अंधारही लागतो आणि उजेडही. 'पुरेसा उजेड' म्हणजे काय, हे कामावाचून सांगताच येत नाही, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा लोहारानं अधिक स्पष्ट दाखवलं.

मग गिरणी आली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. हवा दमट ठेवणारी यंत्रं आणि आग विझवणारे पाण्याचे फवारे या गिरणीत बसवले गेले, आणि त्या काळच्या हिंदुस्थानात ही मोठी गोष्ट होती. कापसाचा तरंगता कण आणि उघडी ज्योत एका छपराखाली नांदू शकत नाहीत. तेलाच्या दिव्यावर गिरणी चालवणं म्हणजे रोज आगीशी खेळणं. त्यामुळे विजेचा दिवा येईपर्यंत गिरणीचा दिवस म्हणजे सूर्याचा दिवस.

हे किती खरं होतं ते मुंबईच्या एका कागदावरून कळतं. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन हजारोंच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर मिळावा हे होतं. आणि कामाच्या वेळेबद्दलची मागणी अशी होती की काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं. सुरुवात घड्याळानं, शेवट सूर्यानं. मुंबईत हिवाळ्याचा दिवस सुमारे अकरा तासांचा आणि उन्हाळ्याचा सव्वातेरा तासांचा. म्हणजे कामगार जूनमध्ये जास्त राबायचा आणि डिसेंबरमध्ये कमी, पण रात्र त्याची स्वतःची होती. अंधार ही त्याची एकमेव हक्काची सुट्टी होती. रविवारची सुट्टी तर पुढे १८९० साली मिळाली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि ती रात्रही गेली. १९०५ च्या सुमारास कापडाला मागणी वाढली, तेव्हा दिवे लावून चौदा-पंधरा तास गिरण्या चालवल्या गेल्या. कामगारांमध्ये असंतोष पसरला. सरकारनं १९०६ साली फ्रीअर-स्मिथ समिती नेमली, त्यानंतर फॅक्टरी लेबर कमिशन बसलं, आणि १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. त्याआधीच्या १८८१ आणि १८९१ च्या कायद्यांनी मुलांचा आणि स्त्रियांचा विचार केला होता, प्रौढ पुरुषाच्या तासांना हात लावला नव्हता. जोवर सूर्य मावळत होता तोवर तशी गरज कुणाला भासली नाही. दिवा लागल्यावर भासली. आज आठ तासांची शिफ्ट आपण गृहीत धरतो. तिच्या इतिहासाच्या मुळाशी एक पेटलेला बल्ब आहे, आणि ही गोष्ट आयटीआयच्या प्रत्येक मुलाला शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं.

तास सरकारनं ठरवले, आणि उजेड किती हवा हे इंजिनिअर मोजू लागले. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९२७ या काळात उजेडाचे प्रयोग झाले. उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, आणि कमी केला तरी ते फारसं घसरलं नाही. त्यावरून व्यवस्थापनशास्त्राची एक मोठी शाखा उभी राहिली. माझं एवढंच म्हणणं आहे की कमी उजेडातही काम निघालं, कारण बायाबापड्यांनी डोळे ताणून ते काढलं. डोळ्यांचा हिशेब त्या तक्त्यात नव्हता.

आता हिंगणा. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढे या माळरानावर प्लॉट पडले, शेड उभे राहिले. मी लागलो तेव्हाचे शेड म्हणजे लोखंडी कैच्या, वर सिमेंटचे पत्रे, आणि पत्र्यांच्या रांगेत मध्ये मध्ये फायबरचं एखादं पारदर्शक शीट. नवीन असताना त्यातून सुरेख उजेड यायचा. दोन उन्हाळे गेले की ते पिवळं पडायचं, वर धूळ बसायची, पावसाळ्यात शेवाळ. १९४८ च्या कारखाने कायद्याचं सतरावं कलम उजेडाविषयी होतं आणि त्यातलं एक उपकलम फक्त एवढ्यासाठी होतं की खिडक्यांच्या आणि छपरातल्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात. कायदा करणाऱ्यानं शेड पाहिलेला होता, हे त्या एका वाक्यावरून कळतं. वर चढून शीट पुसणारा माणूस मात्र मला क्वचितच दिसला.

काही जुन्या शेडांची छपरं करवतीच्या दातांसारखी असतात. ही रचना इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या गिरण्यांतून आली. दातांची उभी बाजू उत्तरेला आणि तिला काचा, म्हणजे ऊन आत न येता आकाशाचा शांत, एकसारखा उजेड येतो. लँकेशायरमध्ये सूर्य वर्षभर दुपारी दक्षिणेलाच असतो, तिथे हे चोख चालतं. पण आपलं नागपूर २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. २६ मेच्या आसपास इथे दुपारी सावली नाहीशी होते आणि तिथून १७ जुलैच्या सुमारापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. सकाळ-संध्याकाळी तर तो त्याहूनही उत्तरेला असतो. म्हणजे ज्या दिवसांत ऊन नको असतं, नेमक्या त्याच दिवसांत ते उत्तरेच्या काचेतून तिरपं आत येतं. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा गेला की उत्तरेकडच्या मशीनवरचे ऑपरेटर काचांना जुने कागद चिकटवायचे. हिंगण्यात घर बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गॅरेजला उत्तरेची खिडकी जरूर ठेवा, पण तिच्यावर हातभर छज्जा हवाच, आणि बाजूला उभी आड-भिंत असेल तर उत्तम.

संध्याकाळ झाली की ट्यूबा. चाळीस वॅटची जाड ट्यूब, पत्र्याची पट्टी, तांब्याचा चोक, ॲल्युमिनियमच्या डबीतला स्टार्टर. बल्बच्या मानानं ती वरदान होती, कारण शंभर वॅटचा बल्ब जेमतेम साडेतेराशे ल्युमेन द्यायचा आणि चाळीस वॅटची ट्यूब चोवीसशेच्या घरात. पण आपली वीज पन्नास सायकलची. त्या हिशेबानं साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद होते आणि उजळते. डोळ्याला ते कळत नाही. फिरत्या लेथला कळतं.

लेथवर जॉब पकडणारा तीन जॉचा चक मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर एका ठिकाणाहून सेकंदाला शंभर जॉ जातात. ट्यूबचे शंभर झोत आणि चकचे शंभर जॉ एकमेकांना गाठले की चक थांबल्यासारखा दिसतो. वेग जरा कमी असेल तर तो सावकाश उलटा फिरतोय असं वाटतं. एक हजार फेऱ्यांवर तीनऐवजी सहा जॉ अंधुक उभे दिसतात. आवाजात भरलेल्या शेडमध्ये, शेजारची चार मशीनं घरघरत असताना, थांबल्यासारखा दिसणारा चक म्हणजे साक्षात मृत्यू. म्हणून शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर टाकायची पद्धत होती, म्हणजे एक मंद झाली की दुसरी उजळलेली असते. कुठे जोडट्यूबच्या पट्टीत एका ट्यूबला कपॅसिटर लावून तेच साधलं जायचं. आणि लेथवर मात्र बल्बच ठेवायचे, चोवीस व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मरवरचा. बल्बची तार तापलेली असते, ती शंभरदा विझत नाही. चोवीस व्होल्ट कशासाठी, तर ओल्या कूलंटमध्ये हात असतो. कारखाने कायद्याच्या ३६-अ कलमातही टाकीत, खड्ड्यात किंवा नळात उतरताना चोवीस व्होल्टच्या वरचा हातदिवा वापरू नये असं होतं.

आमच्या टूलरूमचे उस्ताद वर्धेकडचे. नव्या पोरानं दिवा डोळ्यांसमोर ओढला की म्हणायचे, "काऊन गा, उजेड जॉबवर पाह्यजे, डोयावर नाही." त्याच सतराव्या कलमात कायद्याच्या भाषेत हेच लिहिलेलं होतं. दिव्याची थेट तिरीप नको, चकचकीत पृष्ठभागावरून परतणारी तिरीप नको, आणि डोळ्याला ताण देणारी किंवा अपघाताला कारण होणारी सावली नको. उस्तादांनी कायदा वाचला नसावा. पण गुण्या कसा वापरायचा ते त्यांनीच मला दाखवलं. जॉब आणि गुण्या दोन्ही डोळ्यांसमोर धरून खिडकीकडे तोंड करायचं. मधून उजेडाची रेघ दिसली तर जॉब अजून घासायचा बाकी आहे. केसाच्या जाडीचा कितीतरी लहान अंश एवढी फट डोळा अशी पकडतो. तिथे उजेड मागून हवा. सर्फेस प्लेटवर निळा लावून उंचवटे पाहायचे तर तो बाजूनं, तिरपा हवा. व्हर्निअरची घरं वाचताना तो वरून, मऊ हवा, नाहीतर पट्टी चमकते. मायक्रोमीटरच्या नळीला हल्ली मंद, मॅट क्रोम दिलेलं असतं ते याचसाठी.

उंच बे असलेल्या कारखान्यांत मर्क्युरीचे आणि नंतर सोडियमचे दिवे आले. त्यांच्याबद्दल मला प्रेम नाही. वीज क्षणभर डोळा मिटून आली तरी तापलेला मर्क्युरी दिवा लगेच लागत नाही, निवायला पाच-सात मिनिटं घेतो, तेवढा वेळ अख्खा बे अंधारात. सोडियमच्या पिवळ्या उजेडात तांबं आणि पितळ एकाच रंगाचं दिसतं, मार्किंगचा निळा काळा दिसतो, आणि लोहाराचे ते गवती, तपकिरी, जांभळे रंग तर ओळखूच येत नाहीत. विजेची बचत झाली, हे खरं. ती रस्त्यावर व्हावी, टूलरूममध्ये नको.

२०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं आणि ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. एलईडीचे भाव भराभर उतरले. निवृत्त माणसाला स्वतःच्या गॅरेजमध्ये टूलरूमच्या दर्जाचा उजेड परवडतो, हे त्यानंतरच शक्य झालं. म्हणून आता शेजाऱ्यांना हवा असलेला हिशेब.

उजेड लक्समध्ये मोजतात. एक ल्युमेन एका चौरस मीटरवर पसरला की एक लक्स. आतल्या प्रकाशयोजनेसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३६४६. त्यात जाडजूड मशीनकामाला ३०० लक्सच्या आसपास, मध्यम कामाला ५००, बारीक कामाला ७५० असा पल्ला येतो. युरोपातल्या मानकात तर मापाशीच नातं जोडलंय. सूट ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून ढिली असेल तर ३००, त्याहून घट्ट असेल तर ५००.

आपलं गॅरेज दहा बाय अठरा फूट, म्हणजे पावणेसतरा चौरस मीटर. दिव्यातून निघालेला सगळा उजेड बेंचवर पोचत नाही. भिंती, छत आणि धूळ धरून चाळीस टक्के पोचतो असं माना. आधीच्या मालकानं टांगलेल्या शंभर वॅटच्या एका बल्बमधून जागेला सरासरी तीस-बत्तीस लक्स मिळतात. त्यात वाइसमध्ये काय आहे ते दिसतं, त्यावरची रेघ दिसत नाही. वीस वॅटची एलईडी पट्टी साधारण दोन हजार ल्युमेन देते. अशा चार लावल्या की सगळीकडे दोनशेच्या जवळ जाता. वावरायला, सामान शोधायला, झाडलोटीला ते ठीक. बेंचवर आणि लेथवर बाकीचे तीनशे-पाचशे वेगळ्या दिव्यानं आणायचे, सगळ्या खोलीला ७५० लक्स देत बसायची गरज नाही. भिंतींना आणि छताला पांढरा चुना मारलात तर चाळीस टक्क्यांचे पन्नास होतात, आणि हा सगळ्यात स्वस्त दिवा आहे.

वयाचाही विचार करावा लागतो. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली आखडते आणि भिंग पिवळसर होतं. मानकांतले आकडे कमावत्या वयाच्या कामगारासाठी लिहिलेले आहेत. गॅरेजमध्ये काम करणारा निवृत्त असेल तर बेंचवरचा आकडा बिनदिक्कत दीडपट-दुप्पट करावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि ट्यूब कुठे? बहुतेक गॅरेजांत ती छताच्या बरोबर मध्ये असते, कारण इलेक्ट्रिशियननं गाडीचा विचार केलेला असतो. मग बेंचपाशी उभं राहिलं की उजेड पाठीमागून येतो आणि स्वतःचंच डोकं जॉबवर सावली टाकतं. पट्टी बेंचला समांतर लावा, बेंचच्या पुढच्या कडेच्या जरा आत, म्हणजे ती कपाळाच्या पुढे राहील आणि हातांच्या दोन्ही बाजूंनी उजेड उतरेल. एका लांब पट्टीची सावली सौम्य पडते, एका टोकदार बल्बची कडक. रंग ओळखायचं काम असेल तर कलर रेंडरिंगचा आकडा नव्वदच्या पुढचा घ्या, तो खोक्यावर छापलेला असतो. लेथवरचा दिवा आजही चोवीस व्होल्टचाच असू द्या, एलईडीत तसे सहज मिळतात.

स्वस्त एलईडी पट्ट्यांत जुन्या ट्यूबचा दोष परत आला आहे. आत चांगला ड्रायव्हर नसेल तर तीही सेकंदाला शंभरदा लवते, आणि तिच्यात ट्यूबच्या पावडरचा रेंगाळता उजेडही नसतो, त्यामुळे चक आणखी ठळकपणे थांबलेला दिसतो. दुकानातच पट्टी लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती पट्टी जिन्यात लावा, लेथवर नको.

शेवटचं, भारनियमनाच्या वर्षांनी शिकवलेलं. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं इथून जवळच, तरी २००५ नंतरची काही वर्षं हिंगण्याच्या गावठाणात वीज तासन्‌तास जायची, आणि वादळी पावसात आजही जाते. वीज गेली की मोटार थांबते, चक मात्र काही सेकंद फिरत राहतो, आणि तो अंधारात फिरतो. म्हणून मशीनच्या वर बॅटरीचा एक इन्व्हर्टर बल्ब हवा, जो क्षणात आपोआप पेटेल. मोटारीचा स्टार्टरही नो-व्होल्ट कॉइलचाच घ्यावा, म्हणजे वीज परत आली की दिवे लागतील, लेथ मात्र हिरवं बटण दाबल्याशिवाय सुरू होणार नाही.